व्योमकेश, सत्यवती आणि महाबळेश्वरचे भूत

व्योमकेश हे भगवान शंकराचे एक नाव. आकाश हेच ज्याचे केस तो व्योमकेश, म्हणजे आपल्या बाप्पांचे तीर्थरूप! आणि सत्यवती म्हणजे महर्षी व्यासांच्या मातोश्री. त्याच व्यासांनी सांगितलेले महाभारत बाप्पांनी लिहून काढले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेव्हा गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत डिटेक्टिव्ह कथांवर लेख कशाला, असे कोणी कपाळाला आठ्या घालून विचारलेच, तर माझे उत्तर तयार आहे. या लेखातील नायक बाप्पांच्या घरचा आणि नायिका बाप्पांच्या ओळखीतली आहे.

व्योमकेश बक्षी हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना दूरदर्शनमुळे माहीत झाले. १९९३ साली बासू चटर्जींनी ही मालिका आणली. रजित कपूर व्योमकेश, के. के. रैना त्याचा लेखक मित्र अजित, आणि सत्यवती झाली होती आपली सुकन्या कुलकर्णी. एका बंगाली गुप्तहेराच्या बायकोचे काम मराठी मुलीने केले, याचे त्या वेळी घरोघरी कौतुक झाले. पण या मालिकेच्या मूळ लेखकाचा महाराष्ट्राशी याहून कितीतरी जवळचा संबंध होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. व्योमकेशच्या निम्म्याहून अधिक कथा कोलकात्यात नव्हे, पुण्यात बसून लिहिल्या गेल्या.

शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा जन्म ३० मार्च १८९९ चा, उत्तर प्रदेशातील जौनपूरचा. घर बिहारमध्ये मुंगेरला. कायद्याची पदवी घेतली, पण मन लेखनात. १९३८ साली बॉम्बे टॉकीजच्या हिमांशु राय यांनी त्यांना चित्रपटांच्या कथा-पटकथा लिहिण्यासाठी मुंबईला बोलावले आणि हे गृहस्थ मालाडला येऊन दाखल झाले. चौदा वर्षे चित्रपटसृष्टीत काढल्यावर १९५२ मध्ये तो धंदा सोडून ते पुण्याला स्थायिक झाले, ते १९७० साली देह ठेवीपर्यंत. म्हणजे बंगालीतला एवढा मोठा लोकप्रिय लेखक, पण जन्म, कर्म आणि म्हातारपण बहुतेक सगळे बंगालबाहेर! आपण आनेकलला राहून मराठीत स्मरणिका काढतो, त्यांनी पुण्यात राहून कोलकात्याच्या वाचकांसाठी बंगालीत लिहिले. परमुलखात राहणाऱ्याला आपल्या भाषेची किंमत अंमळ जास्तच कळत असावी.

आता मूळ विषयाकडे येतो. गुप्तहेराच्या कथामालिकेत देवाधर्माला आणि प्रेमाला जागा असावी का, हा वाद फार जुना आहे. विलायत-अमेरिकेत तर त्याचे लेखी नियमच झाले होते. १९२८ साली एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने रहस्यकथेचे वीस नियम छापले. गुन्हेगाराला कोर्टापुढे आणायचे आहे, एखाद्या जोडप्याला बोहल्यावर चढवायचे नाही, तेव्हा प्रेमप्रकरण नको, असा त्यातल्या एका नियमाचा आशय. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी दहा आज्ञा सांगितल्या, त्यात भुतेखेते आणि दैवी चमत्कार यांना सरळ बंदी. गंमत अशी की नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. म्हणजे रोज प्रार्थना करणारा माणूस सांगतो की गुन्ह्याच्या तपासात परमेश्वराला मध्ये घालू नका!

यात विसंगती आहे असे वरवर वाटते. मला तशी वाटत नाही. आमच्या रेल्वेत गाडीचा डबा घसरला की निरनिराळ्या खात्यांचे सुपरवायझर जागेवर जमतात. चाक रुळावर जिथे चढले ती खूण आधी शोधायची आणि तिथून मागे मागे जात गेज, क्रॉस लेव्हल, चाकाची झीज अशी सगळी मोजमापे घ्यायची. मग जॉइंट नोट होते, त्यावर सगळ्यांच्या सह्या. त्या कागदावर दैवयोगाला रकाना नसतो. पण हेच लोक खंडेनवमीला, म्हणजे इकडच्या आयुधपूजेला, ट्रॉलीला झेंडूच्या माळा घालतात, गेजला हळदकुंकू लावतात, कोहळा फोडतात. कुंकू लावलेले गेज दुसऱ्या दिवशी एक मिलिमीटरही वेगळे दाखवत नाही, आणि दाखवावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. नॉक्ससाहेबांचे म्हणणे मला असेच काहीतरी वाटते.

चेस्टरटनच्या फादर ब्राऊनने तर हे पूर्वीच दाखवून दिले होते. १९१० सालच्या पहिल्याच कथेत एक अट्टल चोर पाद्र्याचा वेष घेऊन येतो. हा पाद्री खोटा, हे फादर ब्राऊन ओळखतो ते कशावरून, तर गप्पांच्या ओघात तो चोर बुद्धीला आणि तर्काला कमी लेखतो म्हणून! खरा धर्मशास्त्र शिकलेला माणूस बुद्धीवर असा वार करणार नाही, असे या पाद्र्याचे म्हणणे. शेरलॉक होम्सच्या लेखकाची गोष्ट मात्र निराळी. सर आर्थर कॉनन डॉइल उतारवयात परलोकविद्येच्या पूर्ण आहारी गेले, मृतात्म्यांशी बोलता येते यावर व्याख्याने देत देशोदेशी फिरले. पण होम्सला त्यांनी त्या वाटेने एक पाऊल टाकू दिले नाही. १९२४ च्या एका कथेत रक्तपिपासू पिशाच्चाचा संशय घेऊन गिऱ्हाईक येते, तेव्हा होम्स भुताखेतांना आपल्या दारात उभे करायलाही तयार नसतो. लेखकाची श्रद्धा एका बाजूला, नायकाची बुद्धी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये पक्की भिंत.

प्रेमाच्या बाबतीतही डॉइलनी तेच केले. लग्न लावले ते मदतनीस वॉटसनचे. होम्स तसाच राहिला. शरदिंदूंनी इथेच पाहा कशी उलटापालट केली! त्यांचा अजित, म्हणजे कथा सांगणारा मित्र, ब्रह्मचारी राहिला आणि बोहल्यावर चढला तो खुद्द व्योमकेश.

ती कथा १९३३ सालची, 'अर्थमनर्थम्'. नाव आद्य शंकराचार्यांच्या भजगोविंदम् स्तोत्रातून घेतलेले. पैसा हाच अनर्थ, हे आपल्याकडे कीर्तनकार सांगतात तेच. करालीबाबू नावाचा एक श्रीमंत, तऱ्हेवाईक म्हातारा आहे. घरात आश्रित भाचरे, आणि म्हाताऱ्याला मृत्युपत्र पुन्हा पुन्हा बदलण्याचा नाद. एका सकाळी तो बिछान्यात मेलेला सापडतो. संशय सुकुमार या तरुणावर जातो, आणि आपला भाऊ निर्दोष आहे असे सांगत त्याची बहीण व्योमकेशपुढे येते. ती सत्यवती. खुनी कोण ते मी सांगत नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचावी.

व्हॅन डाइनसारख्यांना प्रेमाची भीती का वाटत होती ते या कथेत नीट कळते. तपास करणाऱ्याचे मन संशयिताच्या बहिणीत गुंतले, तर त्याच्या निष्कर्षावर विश्वास कोणी ठेवावा? आमच्याकडेही चौकशी अधिकारी त्याच सेक्शनचा नसावा असा संकेत असतो, तो उगाच नाही. शरदिंदूंनी ही अडचण टाळली नाही, तिच्यातूनच कथा पुढे नेली. व्योमकेशला मुलगी आवडली आहे हे अजितला दिसते, वाचकालाही दिसते. पण भावाची सुटका होते ती पुराव्याने, भावनेने नव्हे. आधी तपास पुरा होतो, मगच पुढची बोलणी. व्योमकेशला डिटेक्टिव्ह म्हणवून घेणे आवडत नसे, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणे. सत्यान्वेषी आणि सत्यवती, या नावांतला श्लेष शरदिंदूंनी मुद्दाम साधला आहे. यापेक्षा जास्त शृंगार त्या कथेत नाही, आणि तो कमी पडतो असेही वाटत नाही.

पुढच्या कथांत तर हा गुप्तहेर अगदी तुमच्याआमच्यासारखा संसारी होतो. नवराबायकोची भांडणे होतात, पैशांची चणचण असते. 'दुर्गरहस्य' या १९५२ च्या दीर्घकथेत सत्यवतीला दिवस गेलेले असतात आणि शेवटी मुलगा होतो. त्याला म्हणतात खोका. बंगालीत खोका म्हणजे बाळ, आपल्या खोक्याशी त्याचा काही संबंध नाही! जगातल्या किती गुप्तहेरांना असा संसार मिळाला? सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ पासून आला, त्याच्या घरात बाईमाणूस जवळजवळ नाहीच. इंग्लंडमध्ये डोरोथी सेयर्स यांनी आपल्या लॉर्ड पीटर विम्झीचे प्रेम १९३० च्या 'स्ट्राँग पॉयझन'मध्ये सुरू केले आणि लग्नापर्यंत यायला १९३७ चे 'बझमन्स हनीमून' उजाडले. त्याची हॅरिएटही पहिल्यांदा भेटते ती खुनाच्या आरोपाखाली कोर्टात उभी असताना. या सेयर्सबाई मोठ्या श्रद्धाळू, पुढे त्यांनी येशूच्या चरित्रावर नभोनाट्ये लिहिली, दान्तेचे भाषांतर केले. श्रद्धा आणि प्रेम दोन्हीला वाव देणारा लेखक रहस्यकथा बिघडवतोच असे नाही, याचा हा दुसरा दाखला.

आपल्या मराठीत काय होते? बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) म्हणजेच चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या काळापहाडने आणि झुंजारने भाड्याने पुस्तके देणारी किती वाचनालये जगवली असतील याचा हिशेब नाही. त्यांच्या झुंजारला बायको आहे, विजया. ती नुसती घरात वाट पाहत बसणारी नाही, नवऱ्याबरोबर साहसात उतरणारी आहे. पण तिथे प्रेम आधीच जमलेले आहे, त्याची कसोटी लागत नाही. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद आले. शिरवळकरांना प्रेमकथा लिहिता येत नव्हती असे कोण म्हणेल? 'दुनियादारी' त्यांचीच. पण एकाच नायकाला गुन्ह्याच्या तपासात प्रेम भेटावे, लग्न व्हावे, मूल व्हावे आणि तो वाचकाबरोबर म्हातारा होत जावा, असे आपल्याकडे घडले नाही. महिन्याला चार-चार पुस्तके मागणाऱ्या बाजारात नायकाला म्हातारे व्हायला सवड तरी कुठून मिळणार! ज्या राज्यात आपण राहतो तिथेही एन. नरसिंहय्या यांनी पाचशेच्या वर पत्तेदारी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांचा पत्तेदार पुरुषोत्तम जुन्या कन्नड वाचकांच्या अजून तोंडी आहे. पत्तेदार म्हणजे पत्ता लावणारा, आपल्या कानाला चटकन कळणारा शब्द.

श्रद्धेच्या बाजूने मात्र मराठीत एक मोठे नाव आहे, नारायण धारप (१९२५–२००८). त्यांचे 'समर्थ' ही खरी तर तपासकथांचीच मालिका. संकटात सापडलेला माणूस येतो, समर्थ त्याचे ऐकून घेतात, कारण शोधतात, उपाय करतात. फरक एवढाच की गुन्हेगार या जगातला नसतो आणि हत्यार असते आत्मबळाचे. नॉक्ससाहेबांनी धारपांना वर्गाबाहेर उभे केले असते! पण धारपांनी वाचकाला फसवले नाही. समर्थांच्या कथेत अमंगळ शक्ती आहेत हे पहिल्या पानापासून मान्य केलेले असते.

शरदिंदूंची गोष्ट याहून अवघड होती, कारण त्यांना दोन्ही हवे होते. ते स्वतः ज्योतिष जाणणारे, पत्रिका मांडणारे. भुताच्या कथाही त्यांनी भरपूर लिहिल्या. त्या सांगणारा बरदा हा मुंगेरचा गप्पिष्ट गृहस्थ, भूत म्हटले की त्याची कळी खुलते. आणि दुसरीकडे पुराव्याशिवाय न बोलणारा व्योमकेश. या व्योमकेशच्या घरची हकिगत 'आदिम रिपु' या कथेत एकदाच येते. वडील शाळेत गणित शिकवीत आणि घरी सांख्यदर्शन वाचीत. आई वैष्णव घराण्यातली, तिचा दिवस नंदगोपाळाच्या सेवेत जाई. सतरा वर्षांचा असताना त्याचे दोघेही आईवडील क्षयाने गेले. बस, एवढेच. पण त्या चार ओळींत सगळे आले. ईश्वर न मानणारे सांख्य आणि लोणी-खडीसाखरेचा गोपाळ एकाच घरात होते, आणि मुलगा दोन्ही बघत वाढला. हे घर आपल्याकडल्या कितीतरी घरांसारखेच आहे. वडील हिशेबाचे पक्के, आई वारीला जाणारी, आणि भांडण कशाचेच नाही.

१९३६ च्या सुमारास शरदिंदूंनी आपल्या या दोन नायकांना समोरासमोर आणले. 'व्योमकेश ओ बरदा' ही कथा मुंगेरची. एका घरात भूत दिसते, बरदाला खात्री की मेलेला मालक परत आला आहे. व्योमकेश शांतपणे ऐकून घेतो, बरदाची टवाळी करत नाही, आणि शेवटी भुतामागचा माणूस शोधून काढतो. बुद्धीची सरशी झाली. त्यानंतर व्योमकेश पंधरा वर्षे गप्प बसला. शरदिंदू सिनेमात गुंतले होते. १९५१ मध्ये ते त्याच्याकडे परत आले, आणि पुण्याला बिऱ्हाड केल्यावर एकामागून एक कथा येत गेल्या.

त्यातच १९५९ च्या सुमारास आली 'शैलरहस्य'. ही कथा आपल्या महाबळेश्वरची! कामानिमित्त पुण्याला आलेला व्योमकेश थंडीच्या आडहंगामात महाबळेश्वरला जातो, सह्याद्री हॉटेलात उतरतो, आणि तिथून कोलकात्याला अजितला पत्र लिहितो. त्या खोलीत काहीतरी आहे. मुंगेरला ज्याने भूत उघडे पाडले, तोच आता लिहितो की मी जे अनुभवले ते मला बुद्धीने उलगडत नाही. खुनाची दिशा त्याला मिळते ती मेलेल्या माणसाच्या संकेतातून. मुंगेरला बरदा हरला होता, महाबळेश्वरला त्याची परतफेड झाली म्हणायची.

आमचे एक बंगाली सहकारी आहेत, वयाने वडील, मी त्यांना दादा म्हणतो. मूळ बंगाली कथा त्यांनीच मला ठिकठिकाणी वाचून, अर्थ लावून दाखवल्या. बाकी मी हिंदी-इंग्रजी भाषांतरांवर भागवले. दादांना 'शैलरहस्य' मुळीच मान्य नाही. म्हातारपणी लेखकाने नायकाचा विश्वासघात केला, ती कथा मोजूच नये, असे ते तावातावाने सांगतात. रहस्यकथा म्हणून ती दुबळी आहे हे मलाही कबूल आहे. भुतानेच बोट दाखवले तर वाचकाने डोके कशाला चालवायचे? पण विश्वासघात हा शब्द मला पटत नाही. व्योमकेशने त्या रात्रीला पुरावा म्हटलेले नाही. भुताची साक्ष घेऊन कोर्टात उभे राहता येत नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे, म्हणून तर तो अजितला कोलकात्यात जिवंत माणसांचा माग काढायला सांगतो. त्याने फक्त एवढे केले, की जे मोजता आले नाही ते मोजता आले नाही असे लिहून दिले. जॉइंट नोटमध्ये असा शेरा मारायलाही धैर्य लागते. कारण सापडले नाही की कोणाच्या तरी माथी मारून कागद पुरा करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. दादा मात्र ऐकत नाहीत. दुर्गापूजेच्या मंडपात अंजली वाहताना डोळे मिटून उभे असणारे दादा भुताच्या बाबतीत इतके कडक कसे, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. ते म्हणतात, देवी वेगळी, तपास वेगळा. म्हणजे फिरून नॉक्सच!

पुण्याच्या मुक्कामाने शरदिंदूंना आणखी एक गोष्ट दिली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बंगालमध्ये १७४० च्या दशकातील मराठ्यांच्या स्वाऱ्यांची आठवण इतकी खोल आहे की 'बर्गी आले' असे सांगून मुलांना निजवणारे अंगाईगीत तिथे घरोघर म्हणतात. त्याच बंगाली मुलांसाठी शरदिंदूंनी सदाशिव नावाचा मराठी पोरगा उभा केला. शिवाजी महाराजांच्या सैन्यात दाखल झालेला, चलाख, धीट. त्याच्या साहसाच्या कथा बंगाली मुले आजही आवडीने वाचतात. आणि १९६५ ची त्यांची 'तुंगभद्रार तीरे' ही कादंबरी तर विजयनगरची, दुसऱ्या देवरायाच्या काळातली. तिला १९६७ चा रवींद्र पुरस्कार मिळाला. तीतही प्रेम आहे, कारस्थान आहे, आणि तुंगभद्रेचे पाणी आहे. बंगालीतला हा कर्नाटकाचा इतिहास महाराष्ट्रात बसून लिहिलेला. आपल्यापैकी जे हंपीला जाऊन आले आहेत त्यांनी ती भाषांतरात तरी मिळवून वाचावी.

व्योमकेशच्या पुऱ्या झालेल्या कथा बत्तीस. तेहतिसावी 'विशुपाल वध'. माघाच्या शिशुपालवधावरून केलेला हा नावाचा खेळ. तीत नाटक रंगात आले असताना रंगमंचावरच नट मरतो. ती अर्ध्यावर असतानाच २२ सप्टेंबर १९७० रोजी शरदिंदू गेले. खुनी कोण हे कोणालाच सांगून गेले नाहीत. पुढे नारायण सान्याल यांनी आपल्या तर्काने तिचा उपसंहार लिहिला. सान्याल हे स्वतः रहस्यकथाकार, त्यांचे बॅरिस्टर पी. के. बासू बंगालीत प्रसिद्धच आहेत. पण व्यवसायाने ते सिव्हिल इंजिनियर होते, हे दादांना मीच सांगितले, आणि त्या दिवशी चहाचे पैसे त्यांनी दिले.